आठ वाजताची घसरगुंडी

६ फेब्रुवारी

चि. पिपाणी हिस,
आत्याचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन करत जा असं तू लिहितेस, पण फोन बाहेरच्या खोलीत आणि त्याला चिकटलेल्या खुर्चीत तुझे बाबा. ते उठत नाहीत आणि त्यांच्यासमोर मला मोकळं बोलवत नाही. शिवाय तुला ठाऊक आहे, मी शाळेत गेले नाही. कापडाच्या गठ्ठ्यांना गुंडाळून येणारे कागद वाचून वाचून लिहायला शिकले, तेही चांगली मोठी झाल्यावर. एवढ्या मेहनतीनं हाती आलेली गोष्ट मी फोनपायी वाया घालवणार नाही. तू लिही, मी लिहीन.

आता बातमी ऐक, आणि आधी खाली बस. आठच्या मालिकेत क्लॅरिनेट वाजवायचं कायमचं काम लागलं म्हणून तू कळवलंस, तेव्हापासून मी रोज आठला शिवणयंत्र झाकून टीव्हीपुढे बसते. आधी काही पत्ताच लागेना. सगळी रडारड आणि व्हायोलिन. आणि मग मागच्या महिन्यात एकदम घसरगुंडी! क्लॅरिनेटवरची, आपल्या घरातली घसरगुंडी! खालून सुर्रकन वर गेली, मधे अडखळली, धप्पकन खाली आली आणि शेवटी चीं! माझ्या हातातली वाटी पडली. ही वाजवणारी जगात दोनच माणसं, एक तुझे बाबा आणि एक तू.

तो नाही का मालिकेतला वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, बाईचे कपडे घालून, ओठ रंगवून, मान वेळावत जिना उतरतो, तो दिसला की वाजते. काय बाई त्याचं ते चालणं! मी पोट धरधरून हसले.

तुझे बाबा आत तोंड धूत होते. तसेच ओल्या तोंडानं दारात येऊन उभे राहिले. पुरतं ऐकलं आणि म्हणाले, पिपाणीच आहे, शेवटची चीं लांबवते, किती वेळा सांगितलं होतं. अगं, तेव्हा तू जेवताना सांगितलंस की मी मुलगा नाही, मुलगी आहे, मला तसंच राहायचंय. त्यावर ते नुसतं बरं म्हणून वाद्यं पुसायला गेले. त्या दिवसापासून तुझं नाव निघालं की हा माणूस तोंडात गुळणी धरून बसतो. आणि आता स्वतःहून पिपाणी म्हणाले! चूक काढायला का होईना, पण म्हणाले. कागदोपत्री तू नाव बदललंस, घरची हाक तीच राहिली, ते किती बरं झालं.

आता आठ वाजले की तेही खुर्ची ओढून बसतात. मी तर शेजारणीला, चपला शिवणाऱ्याला, झाडून सगळ्यांना सांगून ठेवलंय की हे आमची पोर वाजवते. लग्नांत लोक बाबांच्या बँडला फर्माइश करतात, ती मालिकेतली वाजवा. बाबा वाजवतात आणि मिशीतल्या मिशीत हसतात. एका मांडवात तर छाती फुगवून सांगितलं म्हणे, ही मूळची आमच्या घरची.

केस वाढवलेस ते छान केलंस, पण विंचरत जा. लहानपणी फणी बघितली की पळायचीस. वेळेवर जेव.

आहे ती माया अशीच राहू दे. थोडी वाढली तर मी तक्रार करणार नाही.

तुझी
आत्या


१५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जिन्यातच उभ्यानं वाचलं. घरमालकीणबाई खाली उतरत होत्या, त्यांनी विचारलं, बरी बातमी की वाईट. मी बरी म्हटलं. खोलीत येऊन पुन्हा वाचलं आणि मग काय लिहावं ते सुचेना, म्हणून उत्तराला उशीर.

आधी साध्या गोष्टी सांगते. तब्येत चांगली आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मानवल्या. केस खांद्याला टेकले आणि मी ते विंचरते, शपथ. आवाज मात्र होता तसाच जाड आहे, तो गोळ्यांनी बदलत नाही. त्यामुळे किराणावाला फोनवर मला साहेब म्हणतो आणि दारात सामान घेऊन आला की बाई म्हणतो. बटाटे दोन्ही वेळा सारखेच किडके देतो. घरमालकीणबाईंनी आधी खूप चौकशा केल्या. आता त्यांची एकच तक्रार, मी अंगणातली कपड्यांची दोरी एकटीच अडवते.

आत्या, पुढचं वाचून लगेच मनाला लावून घेऊ नकोस. तो वरच्या मजल्यावरचा भाडेकरू म्हणजे मी.

म्हणजे मालिकावाल्यांच्या लेखी माझ्यासारखी बाई. काम एक पुरुष नट करतो. त्यानं जिना उतरायचा, कुणाच्या तरी अंगचटीला जायचं आणि घरातल्यांनी तोंडं वाकडी करायची, एवढंच त्या पात्राचं आयुष्य. त्याला घर नाही, धंदा नाही, आत्या तर नाहीच नाही.

घसरगुंडी तिथं कशी गेली तेही सांगते. वाजवायच्या आधी वाद्य फुंकून गरम करावं लागतं. एकदा रेकॉर्डिंगच्या दिवशी मी खुशीत होते, सहज बाबांची घसरगुंडी वाजवली. संगीतकार काचेपलीकडून धावत आले, म्हणाले हे काय, पुन्हा वाजव. मला वाटलं, बाबांची कला कुणाला तरी आवडली. मोठी, छोटी, हळू, जोरात, अशी सगळ्या तऱ्हेची वाजवून दिली. कशासाठी ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढं एकदा खाणावळीत जेवत होते. कोपऱ्यात टीव्ही लागला होता. तो जिना उतरला, घसरगुंडी वाजली, सगळी खाणावळ हसली आणि मग दोघातिघांनी वळून माझ्याकडे बघितलं.

आता ती रस्त्यावर आली आहे. मी घरातून निघाले की समोरच्या गॅरेजातली माणसं शिट्टीवर वाजवतात. परवा बसमध्ये चढले तर मागच्या बाकावरून आली. आणि अगदी सुरात, आत्या. चीं सुद्धा लांबवली होती. बाबा त्यालाही रागावले असते.

खरी अडचण पुढेच आहे. महिनाअखेरीस त्या भाडेकरूचं नाचाचं दृश्य आहे, आणि संगीतकारांना अख्खं गाणं घसरगुंडीवर बसवायचंय. नाही म्हटलं तर माझी खुर्ची जाईल. दुसरा क्लॅरिनेटवाला मिळायला त्यांना एक सकाळ पुरेल. पण खुर्चीचं मी बघून घेईन. तुझं पत्र आलं नसतं तर मी तेव्हाच नाही म्हणून मोकळी झाले असते. आता वाटतं, बाबा माझं नाव घेतात ते त्या आवाजामुळं. तो बंद झाला की ते पुन्हा मुके होतील. मग वाजवावी का? लोक हसतात तर हसू देत, घरात एक माणूस बोलतोय, असं म्हणावं का?

बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. त्यांना हसू दे.

राग न धरता लवकर लिही. तुझ्या मायेवर माझा हक्क आहे असं समजूनच हे सगळं लिहिलं.

तुझी
पिपाणी


२४ फेब्रुवारी

चि. पिपाणी हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि यंत्रात दोरा ओवायला बसले, तो काही केल्या ओवला जाईना.

मी एवढी आंधळी कशी गं? पण खरं सांगते, त्या सोंगात मला तू दिसलीच नाहीस. तू का तशी चालतेस? तू चालतेस तुझ्या बापासारखी, पाय फेकत, कुठंतरी आग लागल्यासारखी. मान वेळावायला तुला सवड कुठाय! तू म्हणजे आमची पिपाणी आणि तो म्हणजे टीव्हीतला मेला कुणीतरी, असंच माझ्या डोक्यात. लोकांच्या डोक्यात तसं नाही, हे मला तुझ्या पत्रानं कळलं. आणि मी गल्लीभर सांगत फिरले, या हो, हसायला या!

शेजारणीला म्हटलं, उद्यापासून मालिका बघायला येऊ नका. ती म्हणाली, का, टीव्ही बिघडला? मी म्हटलं, टीव्ही धडधाकट आहे, माझं डोकं ठिकाणावर आलंय. तिला काही कळलं नाही. चपला शिवणाऱ्याला मात्र नीट समजावून सांगितलं. तो थोडा वेळ टाके घालत राहिला आणि म्हणाला, मग तुमच्या पोरीनं वाजवली कशाला? मी म्हटलं, तिच्याकडून फसवून वाजवून घेतली. म्हणाला, हां, मग ठीक.

आता तुझ्या बाबांचं. तू सांगू नको म्हणालीस आणि मी तोंडाला कुलूप लावलं होतं. पण आठ वाजले की मी उठायची, स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. त्यांनी विचारलं, त्या भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं? मला खोटं बोलता येत नाही हे आपल्या मांजरालासुद्धा माहीत आहे. सांगून टाकलं. खाणावळ, गॅरेज, बस, सगळं.

त्यांनी टीव्ही बंद केला नाही. शेवटपर्यंत बघितलं. तो जिना उतरला, ती वाजली, यांचा चेहरा इस्त्री केल्यासारखा. संपल्यावर एवढंच विचारलं, पिपाणीला सांगून वाजवून घेतली का? मी म्हटलं, नाही. मग पाणी प्यायले आणि आत गेले. त्यांच्या पोटात काय आहे ते मला कळत नाही. तुझी आई असती तर तिनं बरोबर काढून घेतलं असतं. मी बहीण, मला उलट उत्तरच मिळतं.

तू विचारलंस, वाजवावी का. वाजव असं मी म्हणणार नाही, आणि नको म्हणण्याचाही हक्क मला नाही. खुर्ची तुझी, खोलीचं भाडं तुझं, रस्त्यानं चालायचंय तुला. पण एक गोष्ट ठणकावून सांगते. बापासाठी म्हणून वाजवू नकोस. त्यांचं तोंड उघडावं म्हणून तू मान खाली घालायची, असला सौदा माझ्या घरात चालणार नाही. बोलायचं असेल तर बोलतील. नाही बोलले तर मी आहे बोलायला, दोघांच्या वाटचं बोलते असं सगळी गल्ली म्हणतेच.

तुझ्यासाठी दोन झंपर कापलेत. खांद्याचं माप जुनंच धरलंय, ते काही गोळ्यांनी कमी झालं नसेल. छातीचं माप कळव. लाजू नकोस, मी जन्मभर हेच मोजत आले.

माझ्यावर रुसायचं असेल तर थोडं रूस, पण पत्र थांबवू नकोस.

तुझी
आत्या


८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

माप वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलंय. खांद्याचं जुनंच बरोबर आहे, दुर्दैवानं.

काम सुटलं. आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

नाचाच्या गाण्याच्या दिवशी मी वेळेवर गेले, खुर्चीत बसले आणि संगीतकारांना म्हटलं, बाकी सगळं वाजवते, घसरगुंडी वाजवणार नाही. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी आधी विचारलं, ओठ फाटलाय का? मग विचारलं, कुणी काही बोललं का? मी बसमधलं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, अगं पण लोकांना ते पात्र आवडतं, ते प्रेमानंच हसतात. मी म्हटलं, प्रेमानं हसणारे बसमध्ये मागे बसून का हसतात, पुढं येऊन हसू देत. त्यावर तबलजी खोकला.

मी म्हटलं, मी त्याच्या येण्याला दुसरं काहीतरी वाजवून बघू का? साधंच. बाई जिना उतरतेय, खाली दूधवाला आलाय, तिला घाई आहे, एवढंच. त्यांनी वाजवू दिलं, हे त्यांचं मोठेपण. रेकॉर्डिंगचं मशीन चालवणारी बाई म्हणाली, छान आहे. योगायोगानं तो नट तिथंच होता. त्याला ऐकवलं तर गोंधळून उभा राहिला. म्हणाला, ह्याच्यावर मी चालू कसा? आवाज आला की माझी मान आपोआप वळते, हा आला तर मला साधंच चालावं लागेल, आणि साधं चाललो तर मी त्या मालिकेत करतोय काय? आत्या, तो तक्रार करत होता, पण मला वाटलं, आजवर त्या मालिकेबद्दल एवढं खरं कुणी बोललं नसेल.

वाहिनीचे साहेब आले, त्यांनी ऐकलं आणि विचारलं, यात विनोद कुठाय? झालं. संगीतकार माझ्याकडे न बघता म्हणाले, आमच्याकडे तू आधी वाजवलेल्या सगळ्या तऱ्हा आहेत, त्या जोडून भागवू. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी नाही म्हटलं तरी ती माझ्याच फुंकरीवर वाजत राहणार. मालिका संपेपर्यंत, आणि त्यानंतरही. ते परत घेता येत नाही. मी वाद्य पुसलं, पेटीत ठेवलं आणि बाहेर पडले. गॅरेजवाले अजून शिट्टी मारतात. तेव्हा मी जिंकले असं काही समजू नकोस.

ही गोष्ट कुठूनशी एका बातम्यांच्या वाहिनीला कळली. त्यांची एक वार्ताहर मुलगी कॅमेरेवाल्याला घेऊन खोलीवर आली. पोरगी गोड होती, पण प्रश्न ठरलेले. शस्त्रक्रिया झाली का, लहानपणी मार खाल्ला का, तेव्हाचा फोटो आहे का. क्लॅरिनेट समोर पलंगावर पडलेलं, त्याबद्दल अक्षर नाही. बोलताना मी रडले तर चालेल, असंही म्हणाली. मी विचारलं, दाखवताना मागे काय वाजवणार? ती म्हणाली, व्हायोलिन. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. माझ्यासारखी मालिकेत आली की घसरगुंडी आणि बातम्यांत आली की व्हायोलिन. मधलं काही वाजवायला त्यांच्याकडे नाहीच.

सध्या एका हॉटेलात रात्रीच्या जेवणाच्या वेळी वाजवते. सोबत एक पियानोवाले आजोबा आहेत. ते प्रत्येक गाणं माझ्या आधी संपवतात आणि मग माझी वाट बघतात. लोक जेवत असतात, मान वर करून कुणी बघत नाही. कलावंताला याचं वाईट वाटतं म्हणतात. मला फार बरं वाटतं.

बाबांना सांग, नाही म्हटलं म्हणून. एवढंच सांग. ते नाव घेतात की नाही ते मला कळवू नकोस.

तुझ्या झंपरांची आणि तुझी वाट बघणारी,
पिपाणी


१९ मार्च

चि. पिपाणी हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझी आत्या शेजारी बसून बघते आहे मी काय लिहितो ते. तिला उठायला सांगितलं, ती उठत नाही. मला पत्र लिहायची सवय नाही. काही राहून गेलं तर ती तुला लिहीलच.

मागच्या रविवारी एका लग्नात वाजवत होतो. पाहुण्यांत एक बाई आली. उंच, खांदे रुंद, हातात भेटवस्तू. एकटीच होती. नवऱ्यामुलाच्या मित्रांनी तिला बघितलं आणि माझ्याकडे वळून ओरडले, मास्तर, वाजवा ती, मालिकेतली. क्लॅरिनेट माझ्या ओठावर होतं, बोटं जागेवर होती. वाजवायला अडचण काहीच नव्हती.

मी म्हटलं, मला ती येत नाही.

ते म्हणाले, मागच्या महिन्यात आमच्या काकांकडे तुम्हीच वाजवली होती. मी म्हटलं, विसरलो. ते हसले, म्हणाले, म्हातारपण आलं मास्तरांना. मी म्हटलं, आलं. मुलीच्या वडिलांनी येऊन विचारलं, काय भानगड आहे. मी म्हटलं, दुसरं काहीही सांगा. मग आम्ही आपलं नेहमीचं वाजवलं. ती बाई जेवली, नवरानवरीशी बोलली आणि गेली. तिला यातलं काही कळलं नसावं.

बँडच्या माणसांनाही सांगितलं आहे, यापुढे ती वाजवायची नाही. मोठ्या ढोलवाल्यानं विचारलं, का? मी म्हटलं, माझ्या मुलीला त्रास होतो.

इथवर ठीक आहे. पण एक अडचण झाली आहे. ती मी कशासाठी काढली होती ते तुला कधी सांगितलं नाही. मोठा ढोल सुरू झाला की मांडवातली तान्ही मुलं दचकून रडायला लागतात. आया कावऱ्याबावऱ्या होतात, म्हातारे बँडला शिव्या देतात. अशा वेळी मी ती मुलाच्या तोंडाजवळ हळूच वाजवायचो. मूल गप्प व्हायचं. ती तेवढ्यासाठीच होती, माणूस चालत आला म्हणून वाजवायची नव्हतीच.

परवा एका मांडवात मूल रडलं. मी पुढं झालो आणि माझ्या लक्षात आलं, आता आपल्याकडे वाजवायला काही नाही. दुसरं काहीबाही वाजवून बघितलं, ते आणखी जोरात रडलं. त्याची आई माझ्यावर डाफरली.

तेव्हा नवीन काहीतरी बसवावं लागेल. दोन-तीन दिवस प्रयत्न केला. मला एकट्याला सुचत नाही. तू वाजवून बघ, मी ऐकतो. हॉटेलवाल्यांना सांगून सवड काढ.

कळावे. उत्तर लिहीत बसू नकोस, ये.

बाबा